जिन्यात बदललेल्या दोन किल्ल्या

माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी टाइपरायटरमागे बसून खूप जवळून पाहिलं आहे. आधी कान लाल होतात. मग ओठ सुकतात. मग हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, जणू उत्तर तिथेच घडी करून ठेवलं आहे. आणि मग माणूस विचारतो, "म्हणजे घर माझं नाही?"

वाशीतल्या एका वकिलाच्या कचेरीत मी बारा-तेरा वर्षं घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद टाइप केले. हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे पक्षकाराचे कान लाल झालेले दिसले, की मी पाण्याचा ग्लास भरायला उठत असे.

संपादक म्हणाले, "बाई, घर घेता-विकताना लोकांना कायद्याचे जे प्रश्न पडतात त्यावर लिहा. उपयोगी होईल असं काहीतरी." उपयोगी लेख वकिलांनी लिहावेत. मी हादऱ्यांबद्दल लिहिणार. कारण त्यातला सगळ्यात मोठा हादरा लोकांना मीच दिलेला आहे, आणि तो इतकी वर्षं मी माझ्या नवऱ्यापासूनही लपवला. आता सगळ्यांनाच एकदम सांगून टाकते.

आमचे साहेब, देवस्थळी वकील, ठाण्याचे. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला त्यांनी ओळखलं, की खाडीपलीकडे भराव घालून जे नवं शहर उभं राहतंय, तिथे घरांपेक्षा घरांची भांडणं जास्त होणार. त्यांनी वाशीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर कचेरी थाटली. तिथे साहेबांना सरळ उभं राहता येत नसे, त्यामुळे ते कायम बसून असत आणि पक्षकारांना वाटे, केवढा शांत माणूस! मला त्यांचा एकच नियम होता. "बाई, भावना टाइप करायच्या नाहीत. नाव, वय, धंदा, राहणार."

नव्या माणसाला पहिला हादरा जमिनीचा बसे.

"जमीन कोणाची?"

"हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची," साहेब म्हणत.

"आणि घर?"

"तुमचं."

"खालची जमीन त्यांची आणि वरचं घर माझं? मग मी काय हवेत राहतो?"

मग साहेब समजावत, की जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते, घर विकायचं तर महामंडळाची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय विकलेलं घर फक्त तुमच्या डोक्यात विकलेलं असतं. एका गृहस्थांनी तिथल्या तिथे बोटं मोजली. "साठ वर्षांनी मी एकशे तीन वर्षांचा असेन. तेव्हा मला बाहेर काढलं तर?"

"तेव्हा या," साहेब म्हणाले. "बघू."

परवानगीला वेळ लागे, खर्च लागे, कधीकधी ती मिळतच नसे. म्हणून लोकांनी पळवाट शोधली होती. विकणारा घेणाऱ्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देई, म्हणजे 'माझ्या वतीनं या घराचं सगळं हा माणूस बघेल.' किल्ली घ्या, राहायला या, कागद सावकाश बदलू. यात एक मेख होती. लिहून देणारा मेला की सहसा त्याचं पत्रही त्याच्याबरोबर जातं. ही गोष्ट आमच्याकडे शिर्के नावाच्या एका गृहस्थांना समजली, ती घर घेऊन झाल्यावर. त्यांच्या कानांचा रंग मला अजून आठवतो. ज्यांच्याकडून घर घेतलं ते सत्तरीचे होते आणि विड्या ओढत. दुसऱ्या दिवसापासून शिर्क्यांनी त्या म्हाताऱ्याची अशी सेवा सुरू केली, की सख्खा मुलगा लाजावा. च्यवनप्राश काय, लोकरीची टोपी काय, दर रविवारी रक्तदाब काय! विड्या बंद करायला लावल्या. तो म्हातारा साहेबांना म्हणाला, "वकीलसाहेब, घर विकल्यापासून तब्येत फार सुधारली हो. आधीच विकायला हवं होतं."

तर असा आमचा धंदा. आता मुख्य गोष्ट.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीतली ती सकाळ असेल. कचेरीत चार माणसं आली. कासारे, गोदीतले कारकून, मूळचे महाडकडचे. पन्नाशीचे, हडकुळे, बोलायला कमी. त्यांच्या मिसेस, ज्यांना माळ्याचा जिना चढताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. घर घेणारे एक शाळामास्तर. आणि बबनशेठ, दलाल, ज्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत अर्ध्या वाशीच्या किल्ल्या असत.

व्यवहार सोपा होता. कासाऱ्यांचं तिसऱ्या मजल्यावरचं घर मास्तर घेणार होते. कासारेबाईंचे गुडघे गेले होते. नेरूळला तळमजल्यावर एक घर बघितलं होतं, तिथे ते जाणार होते. मी कागद मशीनला लावला. नाव, वय, धंदा, राहणार.

मास्तर मात्र मास्तरच. कागद दिसला की तपासायचा, ही सवय. त्यांनी कासाऱ्यांचं मूळ वाटपपत्र वाचायला घेतलं, मधेच थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"कासारे, मी घर बघितलं ते तिसऱ्या मजल्यावर. पंधरा नंबर. या कागदात तर तीन नंबर लिहिलाय. तळमजला."

"हां, ते," कासारे हसले. "ते आमी बदललंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोणी बदललंय?"

"आमी आणि दळवींनी. त्यांना पंधरा नंबर लागला होता, आमाला तीन. चाव्या मिळाल्या त्याच दिवशी बदलल्या. जिन्यात."

"जिन्यात," साहेब म्हणाले.

"चहा पिताना."

माझं टाइपिंग थांबलं. कारण जिना, चहा, दोन किल्ल्या, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तो चहा मीही प्यायले होते.

नऊ वर्षांपूर्वी त्या इमारतीच्या किल्ल्या वाटल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कोणाला कोणतं घर, ते सोडतीत ठरलेलं. किल्ली घेताना एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागे, आणि ते टाइप करायला साहेबांनी मला इमारतीच्या जिन्यापाशी टेबल टाकून बसवलं होतं. आजूबाजूला सगळा चिखल. कोणी नारळ फोडत होतं, कोणी नुसत्याच खिडक्या उघडझाप करून बघत होतं. माझ्यासमोर दोन कुटुंबं वेगवेगळ्या कारणांनी रडकुंडीला आली होती. कासारेबाईंना तळमजला लागला होता. भरावाची जमीन, समोर दलदल, सकाळीच कोणीतरी तिथे साप मारलेला. आणि या बाईंच्या पायावरून लहानपणी गावाकडे साप गेलेला. त्या दाराच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. आणि उरणकडचे इब्राहिम दळवी, जाळी आणि दोरखंडांचे व्यापारी, त्यांना तिसरा मजला लागला होता, आणि त्यांची आई पहिल्याच पायरीवर बसून म्हणत होती, "माज्यानं व्हनार नाय."

दोन्ही पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. घरं सारखीच. तेवढीच खोली, तेवढंच स्वयंपाकघर. पाच मिनिटांत किल्ल्या बदलल्या, सगळ्यांचे चेहरे उजळले, दळवींनी सगळ्यांना चहा सांगितला. मग कासारे माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बाई, याचं काही लिहून ठेवायला लागेल का?"

ठाण्याची बस पाच मिनिटांत सुटणार होती. पुढची दीड तासानं. मी मशीनवर झाकण घातलं होतं. मी मोठ्या थाटात म्हणाले, "अहो, घराच्या बदल्यात घर. शेजारी शेजारी! यात कसला आलाय कागद?"

आणि धावले.

आता नऊ वर्षांनी माझं ते वाक्य जिना चढून पोटमाळ्यावर आलं होतं. मी खाली मान घालून कागद सरळ करू लागले, तो मशीनला उलटा लावलेला होता.

"लेखी काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"विचारलं होतं आमी. गरज नाही म्हणाले."

"कोण महामूर्ख म्हणाला?"

कासारे एक क्षणभर थांबले. "आता आठवत नाही, साहेब."

माझ्या कानांचा रंग कोणी बघितला नाही, हे नशीब.

साहेबांना कुतूहल होतं, की नऊ वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. तर वरच्या घराचं लाइटबिल दळवींच्या नावानं येई, ते कासारे भरत. खालच्याचं कासाऱ्यांच्या नावानं येई, ते दळवी भरत. सोसायटीच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला दोन्ही घरांतून वर-खाली जात, कधी बोंबलाच्या कालवणाच्या वाटीखाली, कधी तांदळाच्या भाकरीबरोबर. दोघांनाही ती शेजारधर्माची गंमत वाटत होती.

"दळवींना बोलवा," साहेब म्हणाले. "दोघं मिळून अदलाबदलीचा दस्त करू, महामंडळाची परवानगी घेऊ, नोंदणी करू. संपलं."

"ते वारले. दोन वर्षं झाली. हार्ट."

साहेब खरोखरच उभे राहिले आणि त्यांचं डोकं छताला आपटलं. सांगते ना, शांत माणूस तो बसला असेपर्यंतच.

डोकं चोळत त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सोप्या शब्दांत देते, कारण हाच प्रश्न मला लोक अजून विचारतात. म्हैस तोंडी बदलता येते, घर बदलता येत नाही. तुम्ही किती वर्षं राहिलात, बिलं कोणी भरली, रंग कोणी काढला, याला कागदापुढे फार थोडी किंमत. कागदावर तळमजल्याचे मालक कासारे होते. तिसरा मजला इब्राहिम दळवींचा होता, आणि ते गेल्यामुळे आता त्यांच्या सगळ्या वारसांचा. म्हणजे कासारे मास्तरांना जे घर विकायला निघाले होते, ते त्यांचं नव्हतंच.

मास्तरांनी वाटपपत्र हलकेच टेबलावर ठेवलं, गरम भांडं ठेवावं तसं.

तेवढ्यात बबनशेठ पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. "साहेब, एक मिनिट. म्हणजे कायद्यानं खालचं घर यांचं?"

"कागदानं," साहेब म्हणाले.

"मग टेन्शन कसलं? उलट लॉटरी लागली! कासारेसाहेब, मार्केट वाशीत येतंय, कांदा-बटाट्यावाले आलेपण. व्यापाऱ्यांना ऑफिसला तळमजलाच पायजे. तिसऱ्या मजल्याला कोण विचारतो? खालचं काढा. म्हातारीला सांगा, आजी, तुमचं घर वर, तुमी वर जा. फसवणूक नाय, काय नाय, कागद बोलतो ते करायचं. नायतर विकू नका, स्वतः राहा! वहिनींचे गुडघे बघा. नेरूळ कशाला पायजे?"

आणि तेव्हा कासारेबाई पहिल्यांदा बोलल्या, अगदी हळू.

"म्हणजे खालचं घर माझं आहे? नऊ वर्षं मी जिने चढतेय. पाण्याचे हंडे घेऊन चढले. आणि खालचं घर माझं?"

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील, की असं करू नका, शोभत नाही. पण वकिलाला पक्षकारानं विचारलं ते सांगावं लागतं. "न्यायालयात गेलात तर वर्षं जातील," साहेब म्हणाले. "पण कागद तुमच्या बाजूनं आहे."

"उद्या सांगतो," कासारे म्हणाले, आणि मिसेसना हाताला धरून एकेक पायरी खाली घेऊन गेले.

इथे नाटकात पडदा पडतो आणि प्रेक्षक चिवडा खायला उठतात. मी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. एक म्हातारी बाई घराबाहेर निघणार होती, आणि का? तर मला दीड तास थांबायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला इमारतीत पाठवलं. दोन्ही घरं प्रत्यक्ष पाहून, दारावरचे नंबर आणि कोण राहतं ते लिहून आणायचं होतं. मी फाइल घेऊन गेले, आणि फाटकातच थांबले.

तीन नंबरच्या दारात एक पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेवर हलिमामावशी बसल्या होत्या, इब्राहिम दळवींची आई. पांढरी ओढणी डोक्यावर घट्ट, हातात किल्ली. आतून त्यांची सून, म्हणजे इब्राहिमची बायको नसीमा, रडवेल्या आवाजात म्हणत होती, "अम्मी, ऐका ना, असं नाय करायचं."

बबनशेठ सकाळीच येऊन गेला होता.

"ये पोरी," मावशी मला म्हणाल्या. "वकिलाकडची ना तू? तो मानूस सांगून गेला. यो घर माजं नाय. माजं वर हाय."

"मावशी, अजून काहीच ठरलेलं नाही."

"ठरायचं काय त्यात? कागूद हाय ना? इब्राहिम जिवंत असता तर बोलले असते. तो नाय. मंग दुसऱ्याच्या घरात कशी बसू मी?" त्या उठल्या. कठड्याला धरलं. "चल, मना वर ने."

मी हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. एक पायरी. दुसरी. चौथ्या पायरीवर त्यांचा श्वास वाजायला लागला. नसीमा मागून ओढणी धरून उभी. ट्रंक तशीच दारात.

आणि वरून आवाज आला. चप्पल घासत खाली येण्याचा. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय. मग थांबणं. पुन्हा एक पाय. कासारेबाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडव्या होऊन उतरत होत्या. मावशी कशाबशा पहिल्या वळणापर्यंत पोचल्या, आणि तिथेच दोघी समोरासमोर आल्या. दोघीही धापा टाकत.

"कुठे निघालात?" कासारेबाईंनी विचारलं.

"माज्या घरी."

"तुमचं घर खाली."

"कागदात वर हाय. बबनशेठ बोलला."

"बबनशेठ येणारे का वर, तुमचे पाय चेपायला?"

"तू घे खालचा घर," मावशी म्हणाल्या. "तुजं हाय. तुजे पाय पन गेले. मी बघते ना रोज, तू कशी उतरतेस ती. मना दिसत नाय काय?"

कासारेबाई पायरीवर बसल्या. गुडघा धरून, तोंड वाकडं करून बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, खोटं नाही बोलत. काल तिथून आल्यापासून मी खालच्या घरातच राहतेय. मनातल्या मनात. पलंग खिडकीजवळ लावला. कपाट तिकडच्या भिंतीला. पडदेसुद्धा ठरवले. सगळं बसलं. फक्त तुम्हाला कुठे ठेवायचं, तेवढंच बसेना."

"मना वर ठेव."

"वर एकदा गेलात की खाली चौघांच्या खांद्यावरच याल."

मावशींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "मंग तू पन तशीच येशील."

आणि त्या दोघी हसायला लागल्या! आधी मावशी, तोंडावर ओढणी धरून, मग कासारेबाई, गुडघा चोळत. इतक्या हसल्या, की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला आल्या. मी आयुष्यात पुष्कळ धक्के पाहिले, पण त्या हसण्याइतका मोठा एकही नाही. मी फाइल छातीशी धरून रडायलाच लागले.

"हिला काय झालं?" कासारेबाई म्हणाल्या. मग ओरडल्या, "नसीमा, ती ट्रंक आत घे आधी! आणि तुम्ही, फाइलवाल्या बाई, तुमच्या साहेबांना सांगा, आमचे गुडघे गेलेत, डोकं नाही गेलं. कागद करायचा तो जसे राहतोय तसा करा. सह्या कुठे करायच्या तेवढं सांगा."

मी वर बघितलं. वळणाच्या वरच्या पायरीवर कासारे उभे होते. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

सह्या कुठे करायच्या, हे सांगायला एक वाक्य लागलं. करायला सात महिने लागले. घर घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं, कारण माणूस गेला की त्याचं घर एका माणसाचं राहत नाही. दळवींच्या घरात सगळ्यांना वाटत होतं, मालक आता इब्राहिमचा मुलगा. मुलगा होता आखातात. पण त्यांच्या कायद्याप्रमाणे हिस्सा बायकोचा, मुलाचा, उरणला दिलेल्या मुलीचा आणि आईचाही. मुलाचं मुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीतून शिक्का मारून आणावं लागलं. मुलगी आली, जावई आला. साहेबांनी मावशींना सांगितलं, की तुम्हीसुद्धा मालकीण आहात, तुमच्या अंगठ्याशिवाय हा दस्त होणार नाही, तेव्हा त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला.

"मी?" त्या म्हणाल्या. "बापाच्या घरी पाहुनी, नवऱ्याच्या घरी सून. आनि मालकीन आता? दात पडल्यावर?"

महामंडळाची परवानगी आली. मास्तरांनी सगळे महिने वाट पाहिली, ते म्हणाले, "इतका नीट तपासलेला कागद मला दुसरीकडे कुठे मिळणार?" नेरूळच्या घराचा मालकही थांबला. बबनशेठ पुन्हा त्या जिन्यात दिसला नाही. आणि शेवटी नोंदणीचा प्रश्न आला. नोंदणी ठाण्यात, कचेरी वरच्या मजल्यावर. मावशी तिथे चढणार कशा?

हे फार थोड्यांना माहीत असतं: माणूस खरोखरच हलू शकत नसेल, तर अर्ज केल्यावर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो. तो अर्ज मी टाइप केला. आयुष्यात पहिल्यांदाच भावना टाइप केल्या. साहेबांनी तो वाचला, दोन ओळी खोडल्या, आणि तिसरी तशीच राहू दिली.

अधिकारी आले. तीन नंबरच्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून ती पत्र्याची ट्रंक पुढे ओढली आणि तिच्यावर मावशी आणि कासारेबाई शेजारी शेजारी बसल्या. कासाऱ्यांनी सह्या केल्या. नसीमानं आणि उरणच्या मुलीनं केल्या. मावशींच्या अंगठ्याला मी शाई लावली. तो अंगठा कागदावर टेकवताना त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडल्यावर विचारलं, "झालं? आता कोन हलवनार नाय ना मना?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले.

मावशींनी शाईचा अंगठा कासारेबाईंच्या साडीला पुसला. मुद्दाम. कासारेबाईंनी त्यांना चापट मारली.

त्या घटनेनंतर मी फार सुधारले आहे. इतकी, की माझा नवरा म्हणतो, ही शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी दोन साक्षीदार शोधते. पंधरवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, "बाई, आपसातलं आहे, याला कागद कशाला?" त्यांना मी खुर्ची देते, पाणी देते, आणि मग बसच्या वेळेचा विचार न करता बोलते.

पण त्या दिवशीचं राहिलंच. अधिकारी गेले, साहेब रिक्षा बघायला गेले. मी शाईपॅड, शिक्के, पेनं गोळा करत होते. मनात एकच समाधान होतं, की सगळं निभावलं आणि कोणाला काही कळलं नाही. नऊ वर्षांत मी जाड झाले होते, केस कापले होते, चष्मा लागला होता. बावीस वर्षांची ती मुलगी कोणाला ओळखू येणार?

कासारे चहाचा कप घेऊन आले. माझ्या हातात दिला. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमची बस मिळाली का हो?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. कान लाल, ओठ कोरडे. खिसा नव्हता, म्हणून हात पदराकडे गेला.

"नाही," मी म्हणाले. "चुकली."

"मग थांबायचं होतं ना," कासारे म्हणाले, आणि मिसेसना धरून वर न्यायला निघून गेले.